‘गाइड’ : वाटाड्याची वाट

‘गाइड’ हा नवकेतन संस्थेने निर्माण केलेला आणि विजय आनंद यांनी दिग्दर्शित केलेला, १९६५ सालचा संगीतप्रधान हिंदी चित्रपट. आर. के. नारायण यांच्या ‘द गाइड’ (१९५८) या इंग्रजी कादंबरीवर तो आधारित आहे. देव आनंद (राजू), वहिदा रेहमान (रोझी), किशोर साहू (मार्को), लीला चिटणीस (राजूची आई), अन्वर हुसेन (गफूर), उल्हास (राजूचा मामा) आणि गजानन जागीरदार (भोला) हे त्यातील प्रमुख कलावंत. संगीत सचिनदेव बर्मन यांचे, गीते शैलेंद्र यांची आणि छायालेखन फली मिस्त्री यांचे. पटकथा व संवाद विजय आनंद यांनीच लिहिले. नवकेतनचा हा पहिला रंगीत चित्रपट होय.

महत्त्वाकांक्षी स्त्रीची कथा हिंदी पडद्याला १९६५ मध्ये नवी नव्हती. मात्र अशा कथेचा शेवट बहुधा ठरलेला असे. नायिका कलेचा त्याग करून संसाराला लागे, किंवा त्याग न केल्याची शिक्षा भोगी. ‘गाइड’ने हा साचा मोडला. यातील रोझी विवाहित आहे. पतीचे घर सोडून ती दुसऱ्या पुरुषाच्या घरी येते, नर्तकी म्हणून नाव कमावते, आणि चित्रपट त्याबद्दल तिला दोषी ठरवीत नाही. दोषी ठरतो तो तिला वाट दाखविणारा राजू. रोझीच्या महत्त्वाकांक्षेलाच तो हळूहळू आपली समजू लागतो, आणि इथून पुढे कथा तिच्याकडून त्याच्याकडे वळते. आपल्याला काय हवे हे रोझीला पहिल्यापासून ठाऊक आहे, राजूला ते अखेरच्या काही दिवसांत उमगते. या दोन गतींच्या फरकावर संपूर्ण चित्रपट उभा आहे.

कादंबरी आणि तिचे दोन चित्रपट

नारायण यांची कादंबरी मालगुडी या त्यांच्या कल्पित दक्षिणी गावात घडते. रेल्वे स्थानकावर दुकान चालविणारा राजू प्रवाशांना गाव दाखवता दाखवता ‘रेल्वे राजू’ होतो. शिलालेख आणि गुहाचित्रे यांत बुडालेला मार्को व त्याची पत्नी रोझी त्याच्या आयुष्यात येतात आणि पुढचे सारे घडते. रोझी देवदासींच्या कुळातली, शिवाय अर्थशास्त्राची एम. ए. झालेली. वृत्तपत्रातील जाहिरातीवरून तिचा विवाह जमलेला असतो. या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजी भाषेतील साहित्यकृतीला मिळालेला अकादमीचा तो पहिला पुरस्कार.

देव आनंद १९६२ साली ‘हम दोनो’ घेऊन बर्लिनच्या चित्रपट महोत्सवास गेले होते. त्याच प्रवासात अमेरिकन लेखिका पर्ल बक आणि दिग्दर्शक टॅड डॅनियलेव्स्की यांच्याशी त्यांची बोलणी झाली आणि ‘द गाइड’चे नाव निश्चित झाले. चित्रपट दोन भाषांत करावयाचा होता. इंग्रजीची पटकथा पर्ल बक यांच्या साहाय्याने आणि दिग्दर्शन डॅनियलेव्स्की यांचे, हिंदीचे दिग्दर्शन चेतन आनंद यांचे, आणि दोन्हींचे चित्रीकरण एकाच वेळी, अशी मूळ योजना होती. प्रत्यक्षात दोन दिग्दर्शकांच्या दोन पद्धती एका जागी नांदेनात. अखेर इंग्रजी चित्रपट आधी पुरा करण्याचे ठरले. चेतन आनंद ‘हकीकत’कडे वळले आणि हिंदीची जबाबदारी धाकटे बंधू विजय आनंद यांच्याकडे आली. त्यांच्या नावावर तोवर ‘नौ दो ग्यारह’, ‘काला बाजार’, ‘तेरे घर के सामने’ असे चटपटीत चित्रपट होते. या गंभीर विषयासाठी ते कुणाच्याही मनात पहिले नाव नव्हते.

त्यांनी इंग्रजी पटकथा बाजूला ठेवून नव्याने लेखन केले. आज हिंदी ‘गाइड’ जो आहे तो या निर्णयामुळे. इंग्रजी ‘गाइड’ अमेरिकेत प्रदर्शित होऊन अपयशी ठरला व विस्मृतीत गेला. त्यात हिंदीप्रमाणे गाणी नव्हती. या दोन आवृत्तींच्या भवितव्यातील अंतराचे सारे श्रेय गाण्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु गाणी काढली की या कथेत उरतो तो एक विवाहबाह्य संबंध आणि एक फसवणुकीचा खटला. रोझीला नृत्य म्हणजे काय वाटते, हे संवादांतून कितीही सांगितले तरी प्रेक्षकाला ते पाहावे आणि ऐकावेच लागते.

स्वतः नारायण दोन्ही चित्रपटांवर नाराज होते. त्यांनी ‘मिसगायडेड गाइड’ या लेखात ही नाराजी त्यांच्या नेहमीच्या मिस्कील शैलीत मांडली आहे. चित्रपटाच्या चमूला त्यांनी म्हैसूर परिसरातील आपल्या कथेच्या जागा हिंडून दाखविल्या, आणि मंडळींनी चित्रीकरण राजस्थानात केले. मालगुडीचे छोटे विश्व जाऊन राजवाडे आणि किल्ले आले. इंग्रजी आवृत्तीसाठी वाघाच्या झुंजीचेही दृश्य आखले गेले, तेव्हा लेखकाला हसावे की रडावे हे कळेना. नारायण यांची तक्रार रास्त आहे. मालगुडीचा राजू लहान गावाचा लहान माणूस आहे, त्याची लबाडीही लहान आहे. उदयपूरच्या तळ्याकाठी तोच राजू आपोआप ‘नायक’ होतो. तरीही विजय आनंद यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवावी लागेल. पर्यटनावर जगणाऱ्या गावात वाटाड्याचा धंदा जसा पटतो, तसा तो अन्यत्र पटला नसता. चार भाषांत गोड बोलणारा, इतिहासात मनाची भर घालणारा, समोरचा माणूस पाहून कथा बदलणारा राजू उदयपूरच्या स्थानकावर अगदी नैसर्गिक वाटतो.

घुंगरांची गोष्ट

चित्रपटातील रोझी गणिकेची मुलगी आहे. समाजात मान मिळावा म्हणून आईने तिचा विवाह वयाने मोठ्या, श्रीमंत पुरातत्त्वज्ञाशी लावून दिला आहे. या विवाहाची किंमत म्हणजे नृत्याचा त्याग. मार्को दुष्ट नाही. तो अभ्यासात गढलेला आहे, आणि दगडातील नर्तकींच्या आकृत्यांचे मोल जाणणाऱ्या या विद्वानाला घरातील जिवंत नर्तकीची मात्र लाज वाटते. किशोर साहू यांनी हा कोरडेपणा अत्यंत संयमाने उभा केला आहे.

रोझी राजूला पहिली मागणी घालते ती नागनृत्य दाखविण्याची. गारुड्यांच्या वस्तीत पुंगीच्या सुरावर एक स्त्री नाचत असते. रोझी आधी पाहत राहते, मग तिचे अंग डोलू लागते आणि शेवटी ती स्वतःच नाचात उतरते. या प्रसंगात शब्द नाहीत. वहिदा रेहमान यांनी भरतनाट्यमचे शिक्षण घेतले होते आणि ‘रोजुलु मारायि’ (१९५५) या तेलुगू चित्रपटातील नृत्यानेच त्या प्रथम लोकांच्या नजरेत भरल्या होत्या. इंग्रजी आवृत्तीच्या दिग्दर्शकाच्या मनात रोझीसाठी लीला नायडू होत्या, परंतु ही भूमिका नर्तकीनेच करावयास हवी असा आग्रह देव आनंद यांनी धरला, असे सांगितले जाते. नागनृत्याचा प्रसंग पाहिल्यावर त्या आग्रहाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. नर्तकीची भूमिका करणे आणि नाच कोंडून ठेवलेल्या नर्तकीची भूमिका करणे यांत अंतर आहे, आणि दुसरे अधिक अवघड आहे.

पुढे गुहेत मार्कोला परस्त्रीच्या सहवासात पाहून रोझी त्याला सोडते. बाजारातून घुंगरू विकत घेते. त्यानंतर येते ते काट्यांतून पदर सोडवून घेण्याच्या प्रतिमेने सुरू होणारे, लता मंगेशकर यांच्या आवाजातील प्रसिद्ध गीत. त्याची रचना नेहमीपेक्षा उलटी आहे. मुखड्याने आरंभ न होता ते थेट अंतऱ्याने सुरू होते आणि मुखडा नंतर येतो. बंधन तुटल्याच्या क्षणी बोलू लागणारी व्यक्ती प्रस्तावना करीत बसत नाही, मधूनच सुरुवात करते. शैलेंद्र आणि बर्मनदा यांनी ही मनोवस्था गीताच्या बांधणीतच उतरविली. देव आनंद यांना ही चाल प्रथम रुचली नव्हती. आधी चित्रीकरण करून पाहू, मग हवे तर बदलू, असे म्हणून विजय आनंद यांनी त्यांना राजी केले आणि चमूतील माणसे ती चाल गुणगुणताना ऐकून निर्मात्याने आक्षेप मागे घेतला, अशी आठवण सांगितली जाते. चित्तोडच्या किल्ल्याच्या भिंतींवरून धावणारी रोझी आणि मागे धास्तावलेला राजू, ही दृश्यरचनाही बोलकी आहे. वाटाड्या मागे पडला आहे आणि पाहुणी पुढे निघाली आहे.

संगीत नाटकावर वाढलेल्या मराठी रसिकाला पद म्हणजे नाट्य क्षणभर थांबवून भाव विस्तारणारी जागा, हा संकेत परिचयाचा आहे. बहुतेक हिंदी चित्रगीतेही तेच करीत. विजय आनंद यांच्याकडे मात्र गाणे सुरू होताना पात्रे जिथे असतात, ते संपताना तिथे नसतात. याचे सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे ‘पिया तोसे’. सुमारे आठ मिनिटांच्या या एका गीतात रोझीची कीर्ती शून्यातून शिखरावर पोहोचते. दर अंतऱ्याला वेष बदलतो, रंगमंच बदलतो, होळी येते, दिवाळी येते. एरवी यशाच्या कथेला जे चार-सहा प्रसंग खर्चावे लागतात, ते इथे नृत्यात सामावले आहेत. बी. हिरालाल व बी. सोहनलाल यांचे नृत्यदिग्दर्शन आणि वहिदा रेहमान यांचे परिश्रम यांमुळे रोझी खरोखरच मोठी नर्तकी आहे यावर विश्वास बसतो. कलावंताच्या यशाविषयीच्या कित्येक चित्रपटांत नेमकी हीच बाब कच्ची राहते. नायिका थोर कलावंत असल्याचे सगळे सांगत असतात आणि पडद्यावर मात्र ते दिसत नाही.

या संदर्भात आधीच्या दोन नृत्यपटांचे स्मरण होते. उदय शंकर यांचा ‘कल्पना’ (१९४८) हा नर्तकाच्या स्वप्नाचा चित्रपट होता, तर व्ही. शांताराम यांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) मध्ये नृत्य ही गुरूने शिष्याला दिलेली साधना होती आणि प्रेम हा तिच्या मार्गातील अडथळा. रोझीच्या वाट्याला गुरू नाही की घराणे नाही. तिला जे मिळाले ते आईकडून, आणि त्या आईचे नाव सांगण्याची तिला सोय नाही. नाचणे म्हणजे जगणे, इतकाच तिचा युक्तिवाद आहे.

मालक आणि मजूर

राजूच्या घरी राहायला आलेल्या रोझीला गाव नावे ठेवते. राजूची आई मामाबरोबर घर सोडून जाते, टॅक्सीवाला मित्र गफूर दुरावतो, राजूचा धंदा बुडतो. आईची भूमिका करणाऱ्या लीला चिटणीस या जन्माने धारवाडच्या. मराठी रंगभूमीवरून चित्रपटांत येऊन १९३९ च्या ‘कंगन’पासून त्या बॉम्बे टॉकीजच्या लोकप्रिय नायिका झाल्या होत्या. ‘आवारा’नंतर हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांना सोशीक आईच्या साच्यात बसविले. ‘गाइड’मधील आई मात्र केवळ सोसणारी नाही. ती रागावते, पाठ फिरवते आणि पुढे परतही येते.

सगळे गेल्यावर राजू रोझीसोबत उभा राहतो, हे त्याचे मोठेपण. ‘तेरे मेरे सपने’ हे मोहम्मद रफी यांनी गायलेले गीत त्या वचनाचे आहे. संधिप्रकाशात, फारच थोड्या आणि लांब शॉटमध्ये ते चित्रित झाले आहे. मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन त्या वचनाला एक हळवी किनार देतो. राजू त्या क्षणी खोटे बोलत नाही. पुढच्या घसरणीचे दुःख होते ते त्यामुळेच.

रोझी यशस्वी होते आणि राजू तिचा व्यवस्थापक होतो. करार तो करतो, पैसा तो मोजतो, पार्ट्या तो देतो, पत्ते तो खेळतो, दारू तो पितो. रोझी नाचते आणि थकते. ज्या नाचासाठी तिने घर सोडले, तो आता तारखांच्या वहीत बांधला गेला आहे. एका कडाक्याच्या भांडणात ती मार्कोची आठवण काढते. स्त्रीच्या कमाईवर पुरुषाने जगू नये, असे तो म्हणे, ते बरोबरच होते असे तिला वाटू लागते. राजू उलट ऐकवतो, की ती मोठी झाली ती त्याच्यामुळे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघेही अन्याय करीत आहेत. हिंदी चित्रपटातील प्रेमभंगाच्या दृश्यांत इतका प्रौढ वाद क्वचित आढळतो. ‘दिन ढल जाए’ या गीताच्या वेळी दोघे एकाच घरात आहेत, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

अपराध घडतो तो याच काळात. मार्को बँकेतील दागिन्यांच्या कागदावर रोझीची सही मागवितो. राजू तो कागद तिला दाखवीत नाही, स्वतःच तिची सही ठोकतो. पैशाचा लोभ हे त्याचे कारण नाही. मार्कोचे नावही पुन्हा तिच्यापर्यंत पोहोचू नये, ही भीती आहे. माणूस कायद्याने जेवढा गुन्हेगार ठरतो त्याहून वेगळ्या अर्थाने तो अपराधी असतो, हे विजय आनंद यांनी इथे फार नेमके दाखविले आहे. बनावट सही ही मुळात मालकीची घोषणा आहे. रोझीच्या वतीने निर्णय घेता घेता राजू रोझीच्याच नावाने लिहू लागला आहे.

या फुटीवर दोन गीते पाठोपाठ येतात. ‘मोसे छल’ रोझी रंगमंचावर सादर करते, तर ‘क्या से क्या’ हे राजूचे मनोगत. दोन्हींत जवळजवळ एकाच सुरावटीचा धागा कानाला जाणवतो. तीच तक्रार एकदा लता मंगेशकर यांच्या आवाजात आणि एकदा रफी यांच्या आवाजात. दोघांनाही आपण फसविले गेलो असे वाटते, आणि श्रोत्याला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ‘मोसे छल’मधील तबला संतूरवादक पंडित शिवकुमार शर्मा यांनी वाजविला आहे. पुढे संतूरसाठी जगभर ओळखल्या गेलेल्या या कलावंताच्या तबल्याचे हे चित्रपटातील दुर्मीळ ध्वनिमुद्रण म्हणून जाणकार आवर्जून ऐकतात.

शालीखालचा माणूस

राजूला दोन वर्षांची शिक्षा होते. चित्रपट सुरू होतो तो त्याच्या सुटकेपासून. कुठे जावे हे न सुचलेला राजू पायी निघतो आणि श्रेयनामावलीवर बर्मनदांचा स्वतःचा आवाज येतो, नावाड्याच्या हाकेसारखा. वाटसरूला विचारलेला तो प्रश्न आहे. आई आणि रोझी त्याला नेण्यासाठी तुरुंगाशी येतात तेव्हा कळते, की चांगल्या वर्तणुकीमुळे तो सहा महिन्यांपूर्वीच सुटला. पूर्ववृत्त सारे यानंतर उलगडते.

भटकता भटकता तो एका खेड्यातील पडक्या देवळात झोपतो. कुणी साधू थंडीने कुडकुडणाऱ्या त्या माणसावर आपली भगवी शाल टाकून निघून जातो. सकाळी भोला नावाचा शेतकरी त्या शालीला नमस्कार करतो. राजू सत्य सांगू शकला असता, पण भुकेला माणूस समोर आलेले अन्न परत पाठवीत नाही. हळूहळू त्याच्या जुन्या कसबाला नवे गिऱ्हाईक मिळते. गावातील पंडित त्याला अडविण्यासाठी संस्कृत श्लोक म्हणतात, तर हा इंग्रजीत उत्तर देतो आणि गावकरी खूश. हा प्रसंग विनोदी आहे. तरी त्यातून राजूची सारी कारकीर्द कळते. तो अजूनही प्रवाशांना हवे ते ऐकविणारा वाटाड्याच आहे.

भोलाची भूमिका गजानन जागीरदार यांनी केली आहे. प्रभातच्या ‘रामशास्त्री’मध्ये न्यायनिष्ठुर रामशास्त्री उभे करणारा आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा पहिला संचालक असलेला हा नट इथे संपूर्ण नम्रतेने एका अडाणी शेतकऱ्याच्या देहात शिरतो. भोलाच्या चेहऱ्यावर संशयाची एक रेघही उमटत नाही. त्याचा विश्वास इतका साधा आहे, की राजूला तो नाकारणे अशक्य होते. राजू भोलाला आपले पूर्वायुष्य कबूल करतो तेव्हाही तो विश्वास तसाच राहतो.

दुष्काळ पडतो. राजूने कधीकाळी सांगितलेली, बारा दिवस उपोषण करून पाऊस पाडणाऱ्या साधूची गोष्ट गावकऱ्यांना आठवते. गाव गृहीत धरते, की स्वामीजी उपोषण करणार. खोटी सही करून तुरुंगात गेलेला माणूस आता खोट्या साधुत्वाची किंमत मोजावयास बसतो. दुष्काळाची ही दृश्ये गुजरातमधील लिंबडी येथे चित्रित झाली. कोरड्या जमिनीवर बर्मनदांनी स्वतः गायलेले ‘अल्ला मेघ दे’ हे पावसाचे आर्जव ऐकू येते. त्याचे मूळ पूर्व बंगालच्या लोकगीतात आहे. कुमिल्ल्याला बालपण गेलेल्या या संगीतकाराने पाणथळ प्रदेशातील प्रार्थना काठेवाडच्या भेगाळलेल्या मातीवर आणली आणि ती परकी वाटली नाही. त्याच्या जोडीला मन्ना डे यांच्या आवाजातील रामनामाचा गजर आहे.

उपोषणाचे पहिले दिवस राजूला पळून जावेसे वाटते. नंतर केव्हातरी ते वाटेनासे होते. उपोषणामुळे पाऊस पडेल यावर त्याचा विश्वास आहे का, असे परदेशी पत्रकार विचारते, तेव्हा तो आपल्या श्रद्धेचा दावा करीत नाही. लोकांच्या विश्वासावर त्याचा विश्वास बसला आहे, एवढेच त्याच्या उत्तराचे सार. अखेरच्या भागात पडद्यावर दोन राजू समोरासमोर येतात. जुना, देहाला चिकटलेला, ‘मी’ म्हणणारा, आणि नवा, भगव्या वस्त्रातला. हा संवाद तत्त्वचर्चेकडे फार झुकतो. देव आनंद यांची नेहमीची लकब इथे बरीच आवरलेली असली, तरी शब्दांचा भार चित्रापेक्षा जड होतो. आधीच्या अडीच तासांत विजय आनंद यांनी जे गाण्यांतून आणि नजरेतून सांगितले, ते इथे भाषणातून सांगावे लागले आहे.

पाऊस पडतो की नाही

नारायण यांच्या कादंबरीत अकराव्या दिवशी अशक्त राजूला नदीच्या पाण्यात उभे केले जाते. डोंगरात पाऊस पडतो आहे असे म्हणत तो खाली कोसळतो. पाऊस खरोखर आला की तो त्याला भास झाला, राजू मेला की केवळ ग्लानीत गेला, हे लेखक सांगत नाही. चित्रपटात बाराव्या दिवशी पाऊस कोसळतो, राजूचा अंत होतो आणि आई, रोझी, गफूर सारे तिथे असतात. नारायण यांची बारीक उपरोधाची रेघ या धो धो पावसात वाहून गेली, हे मान्य केले पाहिजे. कादंबरीतील राजू साधू झाला की साधूचे सोंग त्याच्यावर उलटले, हा प्रश्न वाचकाच्या हाती राहतो. चित्रपटाने त्याचे उत्तर देऊन टाकले.

या उत्तराने अधिक हानी झाली ती रोझीची. कादंबरीत राजू तुरुंगात गेल्यावर रोझी मद्रासला जाते आणि नाचत राहते. तिची कीर्ती वाढतच जाते. तुरुंगात बातम्या वाचणाऱ्या राजूला उमगते, की तिला ना मार्कोची गरज होती ना आपली. तिची जीवनशक्ती स्वयंभू होती. चित्रपटात ती उपोषणस्थळी येते आणि गर्दीतील शोकाकुल चेहऱ्यांपैकी एक होते. जिच्या आत्मशोधाने चित्रपटाचा प्राण फुलला, तिच्याविषयी शेवटच्या अर्ध्या तासाला सांगण्यासारखे काही उरलेले नाही. आज ‘गाइड’ पाहताना सर्वांत जास्त खुपते ते हेच. नाचणाऱ्या रोझीचे पुढे काय झाले, हे प्रेक्षकाला कळत नाही.

चित्रपटाला चौदाव्या फिल्मफेअर सोहळ्यात (१९६७) सात पारितोषिके मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता आणि अभिनेत्री ही चारही प्रमुख पारितोषिके पटकावणारा तो पहिला चित्रपट. संवादांसाठी विजय आनंद आणि रंगीत छायालेखनासाठी फली मिस्त्री यांचाही गौरव झाला. संगीताचे पारितोषिक मात्र ‘सूरज’साठी शंकर-जयकिशन यांच्याकडे गेले. जी गाणी या चित्रपटाचा कणा होती, त्यांच्या वाट्याला त्या वर्षी रिकामा हात आला. तोवर शैलेंद्रही हयात नव्हते. १४ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले होते.

सातवे पारितोषिक सर्वोत्कृष्ट कथेचे होते. ते आर. के. नारायण यांना मिळाले, या चित्रपटाने आपली कथा बिघडविली असे ज्यांचे म्हणणे होते, त्यांनाच.